शशीसाठी टाकलेला शब्द

आमच्या पंख्यांच्या कंपनीचे मालक बदलले तेव्हा सगळ्यात आधी शिव्या बंद झाल्या. जुने मालक रोज सकाळी कारखान्यात चक्कर मारायचे आणि समोर दिसेल त्याला हैदराबादी हिंदीत झापायचे. त्या झापण्यात आपलेपणा होता. "क्या हिम्मतराव, मोटरां किधर गए? ससुराल कू भेज दिए क्या?" असं त्यांनी विचारलं की समजावं, प्रकरण मिटलं. नवे लोक शिव्या देत नसत. ते 'प्लीज' म्हणत. आणि त्यांनी प्लीज म्हटलं की मला जी भीती वाटे, ती जुन्या मालकांच्या सगळ्या कारकिर्दीत कधी वाटली नव्हती.

दिवसच तसे होते. देशानं आपली दारं उघडली, असं पेपरात रोज छापून येत होतं. त्या दारांतून काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत केबल टीव्ही आला, समोरच्या घरी हप्त्यावरची मारुती आली आणि बालानगरच्या आमच्या कारखान्यात इंग्लंडहून ऑल्डन साहेब आले. उंच माणूस, नाक हैदराबादच्या उन्हानं सोललेलं, आवाज इतका मऊ की मशिनं चालू असली म्हणजे नुसत्या ओठांवरून अंदाज बांधावा लागे. माणूस चांगला होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलात तर एकही सापडायचा नाही. मी पुष्कळ शोधला.

साहेब आले आणि थोड्याच दिवसांत नोटीस बोर्डावर कागद लागला की यापुढं कंपनीतलं सगळं कम्युनिकेशन इंग्रजीत व्हावं. मी स्टोअर्सचा हेड क्लार्क. माझं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, आणि इंग्रजी म्हणाल तर खोक्यांवरची. 'हँडल विथ केअर', 'धिस साइड अप' आणि 'कीप ड्राय'. एवढ्या भांडवलावर मी नोकरी मिळवली, लग्न केलं, घर चालवलं. आता अचानक ते पुरेनासं झालं. ऑल्डन साहेब स्टोअर्समध्ये येऊन काहीतरी विचारायचे आणि मी अदबीनं "यस सर" म्हणायचो. एकदा त्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मागाहून कळलं की त्यांनी 'तुमचं नाव काय' असं विचारलं होतं.

माझ्या टेबलाशेजारी एक जाळीची खिडकी होती आणि खिडकीपलीकडे डिस्पॅच. तिथं शशिकांत बसायचा. मी माल द्यायचा, त्यानं तो पाठवायचा. तो मूळचा पुण्याचा. तरुणपणी नोकरीसाठी म्हणून आला आणि इथलाच झाला. एका स्कूटरवरून आम्ही जायचो-यायचो, डबा एकत्र खायचो, रविवारी तो माझ्याकडे नाहीतर मी त्याच्याकडे. आमच्या दोघांच्या बायका म्हणायच्या, तुम्ही दोघं रोज एवढं बोलता तरी काय? ते आम्हालाही सांगता आलं नसतं. शशीची इंग्रजी माझ्यापेक्षा बरी होती, कारण खोक्यांवर पत्ते तो लिहायचा.

इंग्रजी शिकायचं ठरवलं आणि ते गल्लीला कळलं, ही पहिली चूक. वरच्या मजल्यावरचे आबासाहेब निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यांच्या मते इंग्रजी ही घशाची भाषाच नव्हे, ती ओठांची. सकाळी कोमट पाण्याच्या गुळण्या करून इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचावा. मी वाचू लागलो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं माझ्या बायकोला, वैशालीला हळूच विचारलं, "साब की तबियत नरम है क्या?" तेव्हा ते बंद केलं. खालच्या सुशीलाबाई म्हणाल्या की घरात इंग्रजीखेरीज बोलायचंच नाही, असा नेम करा. तोही केला. वैशालीनं विचारलं, "टी?" मी म्हटलं, "यस." तिनं विचारलं, "शुगर?" मी म्हटलं, "यस." त्यानंतर जेवणापर्यंत दोघांनाही काही सुचलं नाही. दुपारी मी कंटाळून नेम मोडला, तर वैशालीलाच वाईट वाटलं. लग्न झाल्यापासून इतकी शांत सकाळ तिच्या वाट्याला आली नव्हती म्हणे.

शेवटी शशीनं शहरातल्या कोठी भागातला एक क्लास शोधून काढला. संध्याकाळी वेळेवर पोचायचं तर कारखान्यातून अर्धा तास लवकर सुटायला हवं, आणि त्यासाठी गेटपास हवा. गेटपासच्या कागदावर कारण इंग्रजीत लिहायचं असतं. आम्ही दोघांनी डोकं लावून लिहिलं की इंग्रजी शिकायला जायचं आहे. टाइम ऑफिसरनं ते वाचलं, परत वाचलं आणि म्हणाला, हे इंग्रजीत लिहिता येतंय म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतं. मग शिकायला कशाला जायचं? नामंजूर. मग आम्ही तोच अर्ज मुद्दाम चुका करून पुन्हा लिहिला. तो म्हणाला, चुकीच्या इंग्रजीतला अर्ज घेता येत नाही. अखेर 'दातदुखी' असं कारण दिलं आणि ते ताबडतोब मंजूर झालं. ते अगदी खोटंही नव्हतं, कारण क्लास एका दातांच्या दवाखान्याच्या बरोबर वर होता.

क्लासमध्ये आम्हाला 'बेसिक' बॅचला टाकलं. बाकं इतकी अरुंद की एकदा बसलं की उठताना बाकासकट उठावं लागे. भोवती सगळी कॉलेजची पोरं-पोरी. मला सगळे अंकल म्हणायचे. शिकवायला मूर्ती सर. राजमहेंद्रीचे. तेलुगू माणूस, पण इतकी वर्षं कोठीत काढल्यामुळं त्यांची हिंदी अस्सल दख्खनी झाली होती. ते व्याकरण शिकवतच नसत.

"देखो जी," ते म्हणायचे, "इंग्लिश में शब्दां की शादी होती. कौनसा शब्द किसके घर जाता, उत्ता याद रखो. बाकी सब नक्को."

त्यांचं म्हणणं असं की 'मिस्टेक'चं लग्न 'मेक'शी झालेलं आहे, आणि 'होमवर्क'चं 'डू'शी. ती लग्नं कुणी ठरवली हे विचारायचं नाही; आपण नुसत्या जोड्या पाठ करायच्या. 'लाय' आणि 'ट्रुथ' या सख्ख्या वैरिणी, पण दोघीही 'टेल'च्याच घरी नांदतात. मग 'से', 'टेल', 'स्पीक' आणि 'टॉक' हे चौघे भाऊ. 'से' एकटा फिरतो. 'टेल'ला कुणालातरी बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. 'स्पीक' हा कोट घालून सभेत जाणारा, आणि 'टॉक' म्हणजे इराण्याच्या हॉटेलात मांडी घालून बसणारा. हे मला फार आवडलं. घरी येऊन मी ते वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, आणि हे चौघे मिळून माझं डोकं खातात.

खाण्यावरूनच क्लासमध्ये माझी अब्रू गेली. सरांनी सांगितलं होतं की आपल्या भाषेतल्या जोड्या उचलून तिकडं न्यायच्या नाहीत. पण सवय जाते कुठं? 'काल तुम्ही काय केलं' असं त्यांनी विचारलं, तर मी इंग्रजीत सांगितलं की काल बायकोकडून मी खूप बोलणी खाल्ली. सरांनी चष्मा काढला. मराठीत आणखी काय काय खातात, असं त्यांनी विचारल्यावर शशीनं उभं राहून यादीच दिली: मार खातो, शिव्या खातो, धक्के खातो, भाव खातो, पैसे खातो, ऊन खातो, गटांगळ्या खातो. सगळा वर्ग हसला. तुम्ही लोक जेवता कधी, असं सर म्हणाले. मी मान खाली घालून बसलो. शशी मात्र खूश होता. त्याला माझ्याइतका मानापमान नव्हता.

असं सगळं बरं चाललेलं असताना कंपनीत कुणकुण लागली की डिस्पॅचमधली माणसं कमी करणार. काहींना घरी बसवणार, काहींना बाहेरगावच्या नव्या डेपोंवर पाठवणार. ऑल्डन साहेब एकेकाला केबिनमध्ये बोलावून घेत होते आणि शेजारच्या खात्यातल्या माणसांनाही विचारत होते. शशीबद्दल मला विचारणार हे उघड होतं.

शशीला हैदराबाद सोडणं परवडणारं नव्हतं. नीलिमावहिनी मराठी शाळेत शिकवायच्या, त्यांची आजारी आई त्यांच्याकडेच असायची आणि मुलगी दहावीला. जाळीच्या खिडकीतून तो मला म्हणाला, "हिम्मत, साहेबापाशी माझ्यासाठी एक शब्द टाक. तुला ते विचारणारच आहेत."

मी म्हटलं, "एक कशाला? चांगले चार टाकतो."

बोलून गेलो, पण शब्द टाकणं इंग्रजीत कुठल्या घरी नांदतं ते काही माहीत नव्हतं. मूर्ती सर नेमके भाचीच्या लग्नाला राजमहेंद्रीला गेलेले. मग मी कोठीतल्या फुटपाथवरून जोडशब्दांचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात जोड्या भरपूर होत्या, पण अर्थ दिलेले नव्हते. विद्यार्थ्यानं ते मास्तरांना विचारावेत अशी अपेक्षा असावी. मी म्हटलं, अर्थ काय, शब्दांवरून कळतोच. 'वर्ड'च्या पानावर दोन जोड्या होत्या: 'हॅव अ वर्ड' आणि 'हॅव वर्ड्स'. जिवाभावाच्या मित्रासाठी एकच शब्द म्हणजे कंजूसपणा वाटला. मी अनेकवचन घेतलं. 'माइंड'च्या पानावर 'गिव्ह अ पीस ऑफ माइंड' सापडलं आणि माझे डोळे भरून आले. आपण काळजाचा तुकडा म्हणतो, हे लोक मनाचा तुकडा म्हणतात. आणि तो नुसता म्हणत नाहीत, काढून देतात. इंग्रजीबद्दल माझं मत त्या क्षणी एकदम चांगलं झालं.

दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, "टेल मी अबाउट शशिकांत."

त्यांनी 'टेल'बरोबर माणूस घेतला होता. मला धीर आला.

"सर, आय हॅव वर्ड्स विथ हिम," मी म्हणालो. "एव्हरी डे."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "एव्हरी डे?"

"यस सर. मॉर्निंग ऑल्सो, आफ्टरनून ऑल्सो. संडे, आय गो टु हिज हाऊस फॉर वर्ड्स."

साहेबांनी कप खाली ठेवला. घरी जाऊन, असं काहीतरी ते पुटपुटले. माझं बोलणं त्यांच्या मनाला भिडतंय हे मला स्पष्ट दिसत होतं.

"आय गिव्ह हिम अ पीस ऑफ माय माइंड," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

"अँड व्हॉट डझ ही डू?"

"ही ऑल्सो गिव्ह्ज, सर. मोअर दॅन मी."

आता फक्त आमची दोस्ती औपचारिक नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं. मला मूर्ती सरांचा कोट घातलेला 'स्पीक' आठवला. आमच्यात कसला आलाय कोट? मी म्हणालो, "सर, वी आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स. नेव्हर."

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग उठून माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मोकळेपणानं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले. इतकं मनात ठेवून तुम्ही एवढी वर्षं काम कसं केलंत, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बिकॉज ऑफ दॅट ओन्ली, सर." बाहेर आलो तेव्हा माझी छाती फुगली होती.

संध्याकाळी क्लास बुडवून आम्ही इराण्याकडे बसलो. मी शशीला सगळं शब्दशः ऐकवलं. त्यानं ते पुन्हा म्हणायला लावलं. मनाच्या तुकड्यापाशी त्याची चहाची बशी हातातच राहिली. "अरे, असं तर नीलिमासुद्धा मला कधी म्हणाली नाही," तो म्हणाला. उस्मानिया बिस्किटांची दुसरी प्लेट त्यानंच मागवली. इतका निर्धास्त झालेला शशी मी त्यानंतर पाहिला नाही.

पुढच्या आठवड्यात ऑर्डर निघाली. शशीची नोकरी शाबूत होती, पण बदली इंदूरच्या डेपोवर. कारण लिहिलं होतं: सहकाऱ्याशी दीर्घकाळ चालत आलेला तीव्र बेबनाव. शशीनं तो कागद जाळीच्या खिडकीतून माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "हा सहकारी कोण?"

मूर्ती सर परत आले होते. आम्ही दोघं तसेच कोठीला गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं. खालच्या दवाखान्यात कुणाच्यातरी दातावर ड्रिल चाललं होतं, त्याचा आवाज येत राहिला. सरांनी चष्मा काढून पुसला, पण परत घातला नाही.

"हिम्मतराव गारू," ते तेलुगू अदबीनं म्हणाले, "ये तो सबके सब झगड़े के शब्दां हैं."

एकेक करून त्यांनी अर्थ सांगितले. 'हॅव वर्ड्स' म्हणजे भांडणं. 'पीस ऑफ माइंड' देणं म्हणजे खडसावणं. 'स्पीकिंग टर्म्स'वर नसणं म्हणजे बोलणं टाकलेलं असणं. रविवारी घरी जाऊन भांडणारा माणूस साहेबांनी जन्मात पाहिला नसेल. शशी आधी हसला. खूप हसला, बाकावर हात आपटून हसला. मी त्याच्याकडे बघून हसायला लागलो, तोवर तो थांबला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पर्सोनेल ऑफिसात गेलो. तिथला ऑफिसर म्हणाला की बदली रद्द करायला सबळ कारण लागतं. आजारपण चालतं, मृत्यू चालतो, इंग्रजीची चूक चालत नाही. वर त्यानं सल्ला दिला की तुम्हाला आपण काय बोललो तेच कळत नव्हतं, असं लेखी द्याल, तर उद्या तुमच्याही खुर्चीचा प्रश्न निघेल. मी म्हटलं, निघू दे. माझं नाव हिम्मतराव आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडत होतं. तो म्हणाला, मग साहेबांनाच सांगा, तेच बदलू शकतात.

केबिनमध्ये शिरताना मी वाक्यं पाठ केलेली होती. शशिकांत माझा मित्र आहे. तो चांगला माणूस आहे. मी माझे शब्द मागं घेतो. तिन्ही वाक्यं मी न अडखळता म्हटली. साहेबांचा चेहरा उजळला. ते खुर्चीत पुढं झुकले.

"सो यू टू हॅव मेड अप?"

'मेक अप' मला येत होतं. मूर्ती सरांनी शिकवलेलंच होतं: 'मेक अप अ स्टोरी', म्हणजे गोष्ट रचणं, थाप मारणं. साहेबांना वाटतंय की आम्ही दोघांनी मिळून ही थाप रचली. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली.

"नो सर," मी टेबलावर हात टेकून म्हणालो. "वी हॅव नॉट मेड अप. आय स्वेअर, सर. वी विल नेव्हर मेक अप."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. त्यांनी मान हलवली, फार दुःखी आवाजात 'आय सी' म्हणाले आणि मला पाणी दिलं. शशीला महिनाअखेरीस जायचं होतं, ते त्यांनी माझ्या मनःशांतीसाठी पंधरवड्यावर आणलं. 'मेक अप'चं आणखी एक घर आहे आणि तिथं त्याचा अर्थ समेट करणं असा होतो, हे मला फार पुढच्या बॅचला कळलं.

त्या पंधरवड्यात शशी मला काहीच बोलला नाही. म्हणजे रोजचं बोलायचा. तो डबा आणायचा, स्कूटरवर मागं बसायचा. पण इतकं बेतानं बोलायचा की मला मीच एखादं 'हँडल विथ केअर'चं खोकं वाटू लागलो. सामान बांधायला मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा मात्र स्फोट झाला. निमित्त छताच्या पंख्याचं. तो पंखा काढून नेऊ म्हणत होता. मी म्हटलं, इथं वहिनी आणि म्हातारी उकाड्यात राहणार, तिकडं तुला कशाला हवा? तो स्टुलावरूनच म्हणाला की माझ्या घरात काय राहावं आणि काय जावं, हे आता तूच ठरवतोयस म्हणा. मग मी बोललो, मग तो. क्लास लावायची कल्पना कुणाची होती इथपासून त्याच्या लग्नात माझी कशी सोय झाली नव्हती इथपर्यंत गेलो. एकही शब्द अडला नाही. सगळं अस्खलित मराठीत झालं, आणि एकेक जोडी अचूक बसली. शेवटी शशी म्हणाला, "तुला एक शब्द टाकायला सांगितला होता, हिम्मत. एकच." मी म्हटलं की मग पुण्याच्या माणसानं स्वतःच जाऊन टाकायचा होता.

नीलिमावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही काही न बोलता नुसते यांच्या शेजारी जाऊन उभे राहिला असतात, तरी त्या माणसाला समजलं असतं."

पंखा तिथंच राहिला. सिकंदराबाद स्टेशनवर मी पोचवायला गेलो होतो. त्यानं मुलीला अभ्यासाच्या सूचना दिल्या, वहिनींना औषधांचं सांगितलं, हमालाशी हुज्जत घातली. मला म्हणाला, "चल, येतो." मी म्हटलं, पोचलास की फोन कर. त्यानं पोचल्यावर फोन केला, पण तो वहिनींना.

मी क्लास सोडला नाही. तेवढं तरी पदरात पडावं म्हणून म्हणा किंवा शिक्षा म्हणून म्हणा, सगळ्या बॅचेस पुऱ्या केल्या. ऑल्डन साहेबांच्या मते मी कारखान्यातला सगळ्यात स्पष्टवक्ता माणूस. त्यांनी मला कामगारांच्या तक्रारी ऐकण्याचं काम दिलं, बढतीसकट. ते इंग्लंडला परत निघाले तेव्हा निरोपाचं भाषण मी केलं, आणि त्यात एकही चूक नव्हती. समारंभानंतर आम्ही दोघंच उभे होतो. आता मला सगळं नीट सांगता आलं असतं. पण तोवर वहिनींनी शाळेची नोकरी सोडली होती, त्यांची आई इंदूरलाच वारली होती आणि मुलगी तिकडच्या कॉलेजात रुळली होती. भल्या माणसाला विमानात बसताना कशाला रडवायचं? मी त्यांना थँक यू म्हटलं. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

शशीशी माझं भांडण राहिलं नाही. दिवाळीला पत्र असायचं, मग बाहेरगावचे फोन स्वस्त झाले तेव्हा वर्षातून एकदा फोन. तब्येत, पाऊस, महागाई. तो तिकडं हिंदीत बोलून बोलून मराठीतही जरा हिंदी झाला होता. मध्ये दोन-तीन वर्षं तेही राहून गेलं.

मग परवाच्या उन्हाळ्यात एका दुपारी फोन वाजला. परवाच्या म्हणजे हैदराबादी परसों, त्यात मागची कितीही वर्षं बसतात. नक्की कधी ते आता आठवत नाही.

"हिम्मतराव का? मी शशिकांत बोलतोय, इंदूरहून."

मी म्हटलं, "अरे, शशी."

"तुमचा आवाज आधी ओळखलाच नाही मी," तो म्हणाला. मग मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तारीख सांगितली. "तुम्ही यायचं नक्की."

"येणार की," मी म्हटलं. "न येऊन कसं चालेल?" पुढची तीन-चार वाक्यं मी अशी जुळवली की त्यात 'तू'ही येऊ नये आणि 'तुम्ही'ही येऊ नये. त्यानंही आग्रह केला, मग वहिनींनी केला, मग फोन ठेवला.

वैशालीनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, लग्नाचं बोलावणं आहे, 'तुम्ही या' म्हणाला.

"मग बरोबर आहे की," ती म्हणाली. "आपण दोघं आहोत. 'तुम्ही या' असंच म्हणणार ना."

असेलही. मी हो म्हटलं आणि रिझर्वेशनला जायला चपला शोधू लागलो. तो 'तुमचा आवाज'ही म्हणाला होता, ते मी तिला सांगितलं नाही.